फाटकावरचं 'वेल' आणि 'कम'

वाशिमच्या नव्या वसाहतींतून सकाळी फिरायला निघालं की एक गोष्ट हटकून दिसते. दोन झडपांचं लोखंडी फाटक, डाव्या झडपेवर 'वेल' आणि उजव्या झडपेवर 'कम'. मोटारसायकल आत घेण्यापुरती डावी झडप उघडली असेल, तर येणाऱ्याला नुसताच 'कम' दिसतो. स्वागत राहिलं बाजूला, थेट हुकूम! उजवी उघडी असली तर 'वेल' उरते, आणि पुष्कळदा तिच्यावर मधुमालतीची खरीच वेल चढलेली असते.

मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे फाटकं वाचायची खोड काही जात नाही. पण या फाटकवाल्याला पूर्ण दोषी धरवत नाही. त्यानं शब्द तोडला तो बरोबर सांध्यावरच. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'विलकुमा' असा होता. त्यातलं 'विल' म्हणजे इच्छा आणि 'कुमा' म्हणजे येणारा, म्हणजे ज्यानं यावं असं मनापासून वाटतं तो पाहुणा. 'वेल' म्हणजे 'चांगलं' याचा त्यात मुळात संबंधच नव्हता. पुढे लोक मूळ अर्थ विसरले, 'विल'चं 'वेल' झालं आणि पाहुण्याच्या ठिकाणी 'बरं झालं आलात' हा भाव येऊन बसला. शब्द एकजीव झाला. आता तो तोडला तर हाती दोन तुकडे येतात, स्वागत येत नाही.

आपणही हेच केलं आहे. 'स्वागत' म्हणजे सु अधिक आगत. त्यात 'सु' आधीच आहे. तरी लग्नाच्या कमानीवर 'सुस्वागतम्' लिहितो, म्हणजे 'सु' दोनदा. कुणाला खटकत नाही, कारण 'स्वागत' फोडून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. इंग्रजीत एखादी जोडी एका शब्दात लिहायची की दोन, हा प्रश्न बहुतेक वेळा इथेच सुटतो. त्या दोन शब्दांना आपण पूर्वी वेगळे होतो याची आठवण राहिली आहे का, ते बघायचं.

आमच्या शाळेतला फळा हिरवा होता, तरी त्याला सगळे ब्लॅकबोर्डच म्हणत. जोडून लिहिलेल्या ब्लॅकबोर्डमधला 'ब्लॅक' आपला रंग विसरला आहे, म्हणून तो हिरवा असला तरी चालतो. तोडून लिहिलेला 'ब्लॅक बोर्ड' मात्र काळाच असायला हवा. तो दुकानाची पाटी असेल नाहीतर काळ्या रंगाची लाकडी फळी असेल. कानालाही फरक कळतो. जोडशब्दात जोर पहिल्या तुकड्यावर पडतो आणि दुसरा पडता जातो. सुट्या शब्दांत 'बोर्ड'लाही आपलं वजन मिळतं. शेतकऱ्यांच्या ओळखीचं ग्रीनहाउसही तसंच. त्याचं प्लास्टिक पांढरं असलं तरी ते ग्रीनहाउस. हिरवा रंग दिलेलं साधं घर म्हणजे 'ग्रीन हाउस', दोन शब्द.

मराठीत याला जोड शोधायला लांब जावं लागत नाही. 'लाल परी' ही गोष्टीतली असते, 'लालपरी' एसटीच्या आगारात उभी असते. 'चहा, पाणी' मागितलं तर दोन पेले यायला हवेत. 'चहापाणी' झालं का, असं विचारलं तर त्यात पाणी नसलं तरी चालतं, पोहे असले तर उत्तम, आणि विचारणारा कोण आहे त्यावर आणखीही काही असू शकतं. मराठीत शब्द जुळले की नाही ते तपासायची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे प्रत्यय. 'चहापाण्याला' म्हणतो, 'चहाला पाण्याला' म्हणत नाही. प्रत्यय एकदाच लागला की समजायचं, शब्द एकच झाला.

इंग्रजीत अशी प्रत्ययाची खूण क्वचितच हाताशी येते. म्हणून मी मुलांना दुसरी युक्ती सांगायचो: त्याच वाक्यात मराठी शब्द घालून बघा. 'एव्हरीडे' जोडायचं की तोडायचं? 'रोजची चप्पल' असेल तर जोडा, 'दररोज घालतो' असेल तर तोडा. रोजची भाजी, रोजची कटकट, रोजचे कपडे या सगळ्यांतलं 'रोजचं' हे नामाला चिकटलेलं विशेषण आहे, म्हणून एक शब्द. 'मी दररोज बसनं जातो' यातले 'एव्हरी' आणि 'डे' स्वतंत्र आहेत, प्रत्येक दिवस मोजता येतो. दुकानांच्या पाट्यांवर हा सगळ्यात जास्त चुकणारा शब्द आहे, आणि यात इंग्लंड-अमेरिकेतले दुकानदार आपल्या पुढेच आहेत.

हीच युक्ती 'मे बी'लाही चालते. 'कदाचित' म्हणायचं असेल तर 'मेबी' एक शब्द, 'असू शकेल' म्हणायचं असेल तर 'मे' आणि 'बी' वेगळे. 'समटाइम्स' म्हणजे कधीकधी, 'समटाइम' म्हणजे कधीतरी, आणि 'सम टाइम' म्हणजे थोडा वेळ. 'ऑलरेडी' तर आता मराठीच झालाय. 'मी ऑलरेडी जेवलोय' म्हणणाऱ्याच्या मनात 'सगळे तयार' असं काही नसतं, तेव्हा तो जोडूनच. मुलं दप्तरं घेऊन दाराशी उभी आहेत, सगळी तयार, तेव्हा 'ऑल रेडी' तोडून. 'एव्हरीवन' म्हणजे सगळेजण. पण पेटीतला एकूण एक आंबा नासका निघाला तर तिथे 'एव्हरी वन', कारण प्रत्येक आंबा हातात घेऊन पाहिला आहे.

क्रियापदांच्या बाबतीत याहून सोपी युक्ती आहे. आमच्याकडे सोयाबीन बाजार समितीत नेतात ते पिकअपमध्ये. हा 'पिकअप' नाम आहे, गाडीचं नाव आहे, म्हणून एक शब्द, आणि जोर 'पिक'वर. कुणाला स्टँडवरून घ्यायला जायचं असेल तर ते 'पिक अप', दोन शब्द, आणि जोर 'अप'वर. शंका आली तर मध्ये कुणाला तरी बसवून बघा. 'पिक मी अप' म्हणता येतं, म्हणजे मध्ये फट आहे, म्हणजे दोन शब्द. गाडीच्या नावाच्या मधोमध मात्र कुणालाच बसता येत नाही. इन्व्हर्टरचा बॅकअप, डॉक्टरकडचा चेकअप, मोबाइलमधलं लॉगिन ही सगळी नामं, म्हणून जोडून. फाइल 'बॅक अप' करणं, 'लॉग इन' होणं या क्रिया, म्हणून तोडून. बँकांच्या आणि सरकारी संकेतस्थळांच्या बटणांवर हा फरक सर्रास पुसलेला दिसतो. बटण दाबणं ही क्रिया असते, पण त्यावर शब्द छापलेला असतो नामाचा.

इथवर आपली मराठी कसोटी छान चालते. 'इन फ्रंट ऑफ'पाशी आली की ती उलटते.

मुलांच्या वहीत मी सगळ्यात जास्त वेळा लाल शाई वापरली असेल ती 'इनफ्रंट' आणि 'इनस्पाइट' या दोन शब्दांवर. दोन्ही इंग्रजीत तोडून लिहितात. मुलं जोडतात ती आळसानं नव्हे. 'समोर' हा मराठीत एक शब्द आहे आणि तो नामाला चिकटतो: घरासमोर, शाळेसमोर. 'असूनही'चंही तेच. ज्या कल्पनेला आपल्या भाषेत एक शब्द आहे, तिला परभाषेत तीन शब्द लागतात हे हाताला पटत नाही. आणि इंग्रजी तरी कुठे सरळ आहे? 'इन स्पाइट' तोडायचं, पण 'इन्स्टेड' जोडायचं, जरी त्यातही 'इन' आणि 'स्टेड' हेच दोन शब्द होते. 'इन्स्टेड' जुळून गेला, 'इन स्पाइट' जुळला नाही. याला कारण विचारू नये. 'नोबडी' जोडून आणि 'नो वन' तोडून, हेही त्यातलंच. 'नो वन' जोडलं तर दोन 'ओ' शेजारी येतात आणि वाचणारा 'नून' म्हणजे दुपार वाचतो, असं सांगतात ते पटण्यासारखं आहे. 'अ लॉट' मात्र कायम दोन शब्द. तो जोडणारे इंग्रजही खूप आहेत, पण संख्येनं चूक बरोबर ठरलेली नाही, निदान अजून तरी. 'ऑल राइट'चं 'ऑलराइट' करण्यावर फाउलरनं १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात टीका केली होती. शंभर वर्षं होत आली, तो वाद संपलेला नाही.

गंमत अशी की इंग्रजीत जोडायला उत्सुक असलेली हीच मुलं मराठीत तोडत सुटतात. 'माझ्या साठी', 'घरा समोर', 'राम सुद्धा', 'मी ही'. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचं हे आम्ही प्राथमिक शाळेत घोकलं होतं. 'पुढे चला' यात 'पुढे' सुटं, 'घरापुढे थांबा' यात जोडलेलं. आता मोबाइलचा कीबोर्ड एकेक शब्द सुचवतो, शब्द निवडला की आपोआप जागा सोडतो, आणि 'साठी' बिचारी एकटी पडते. माझा संशय या यंत्रावर आहे. जाहिरात लिहिणाऱ्यांना मात्र ही सबब नाही. त्यांना पैसे मिळतात.

शब्दांमध्ये जागा सोडणं ही मुळात परक्यांची सोय. प्राचीन काळी लॅटिन अक्षराला अक्षर लागून लिहीत. ती ज्यांची मातृभाषा, त्यांना मोठ्यानं वाचताना शब्द आपोआप सापडत. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांमधले भिक्षू लॅटिन पोथ्या उतरवू लागले. त्यांची भाषा आयरिश, लॅटिन शिकून आलेली. त्यांना शब्द कुठे संपतो हे नजरेला दिसायला हवं होतं, म्हणून त्यांनी जागा सोडायला सुरुवात केली. युरोपभर ती पद्धत पसरायला पुढे काही शतकं लागली. आपल्या मोडी लिपीतही शब्द सुटे नसत. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिला अक्षरं टांगत जायचा. दप्तरात मुरलेल्याला ते सहज वाचता येई, नवख्याचे हाल. छपाई आली, शाळा आल्या, मेजर कँडीसारख्यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली, आणि आपलीही ओळ शब्दाशब्दांत मोकळी झाली.

वाशिमला तर याचा फार जुना पुरावा सापडला आहे. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. तांब्याचे चार पत्रे, काळ चौथं शतक. हे गाव तेव्हा वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजवंशाची माहिती संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. त्यातही अक्षरांमागून अक्षरं चालतात, शब्दांमध्ये जागा नाही. एक शब्द की दोन, हे दीड हजार वर्षांनंतर वाचणाऱ्या वा. वि. मिराशींसारख्या पंडितांना अर्थावरून ठरवावं लागलं. फळ्यावर मी मुलांना सांगत होतो तेच काम, फक्त फार वरच्या इयत्तेचं.

याहूनही नेमका धागा राजशेखराकडे सापडतो. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या या कवीनं 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक कथा रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला प्रेमानं बांधून ठेवावं म्हणून गौरी एक वधू निर्माण करते, तिचं नाव साहित्यविद्या. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेला गौड देशात तो तिच्याकडे लक्ष देत नाही, तेव्हा त्याच्या तोंडून लांबलचक समासांची भाषा निघते. पांचालात थोडा विरघळतो, समास कमी होतात. विदर्भात येईपर्यंत तो पुरता तिचा झालेला असतो आणि त्याची भाषा समासरहित होते. तीच वैदर्भी रीती. आणि त्या दोघांचं गांधर्व लग्न लागतं ते वत्सगुल्म नगरात, म्हणजे आमच्या वाशिमात. याच राजशेखरानं 'कर्पूरमंजरी' या आपल्या प्राकृत नाटकात या रीतीला 'वच्छोमी' म्हटलं आहे, वत्सगुल्माची ती वच्छोमी. काव्यशास्त्रकार रुद्रटानं तर रीतींची विभागणीच समासातल्या शब्दांच्या संख्येवर केली होती. दोन-तीन शब्द जुळले तर पांचाली, पाच-सात जुळले तर लाटी, जमतील तेवढे जुळवले तर गौडी, आणि मुळीच न जुळवले तर वैदर्भी. शब्द सुटे ठेवण्याच्या शैलीला ज्या गावाचं नाव मिळालं, त्या गावात 'वेल' आणि 'कम' सुटे दिसले तर त्याला परंपरा म्हणावी की काय!

जिल्ह्यातल्या गावांच्या नावांतही हा प्रश्न आहे, आणि तिथे लोकांनी तो केव्हाच सोडवला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेपासून वेगळं ओळखू यावं म्हणून आमचं ते कारंजा लाड. पण 'कारंजा लाडला चाललो' असं कुणी म्हणत नाही. 'कारंज्याला चाललो' म्हणतात. प्रत्यय कारंज्याला लागला, लाड बाहेरच राहिला, तेव्हा दोन शब्द. शिरपूर जैनचंही तसंच: अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लोक 'शिरपूरला' जातात. लोणी बुद्रुकमधला बुद्रुक फारसीतल्या बुजुर्गवरून आला, तरी तो लोणीला चिकटलेला नाही. उलट 'पोहरादेवीला' आणि 'शेलूबाजारला' म्हणतात, तिथे दुसरा शब्द पुरता मुरला आहे, म्हणून एक शब्द. मंगरुळपीर अधलंमधलं. कुणी 'मंगरूळला' म्हणतो, कुणी 'मंगरुळपीरला'. म्हणून लिहिण्यातही कधी जोडून दिसतं, कधी तोडून. बारकाईनं बघणाऱ्याला आणखी एक खूण दिसेल. एकट्या मंगरूळचा 'रू' दीर्घ असतो, पीर चिकटला की तो ऱ्हस्व होतो.

इंग्रजीतली जोडशब्दांची चाल अगदी या मंगरुळपीरासारखी आहे. आधी दोन शब्द, मग मध्ये आडवी रेघ, मग एक. 'टुडे' हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मध्ये रेघ देऊन छापत. २००७ साली ऑक्सफर्डच्या छोट्या कोशानं सुमारे १६,००० शब्दांमधल्या रेघा एका फटक्यात काढून टाकल्या. त्यांतले काही शब्द जुळले, काही सुटे झाले. 'आइस क्रीम' तोडलं, 'चिकपी' म्हणजे आपला काबुली चणा जोडला. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं 'वेब साइट'चं 'वेबसाइट' केलं ते २०१० साली, आणि 'ईमेल'मधली रेघ पुसली ती २०११ साली. मराठीत साहित्य महामंडळ नियम सुचवतं आणि शासन ते मान्य करतं, १९६२ सालापासून हा शिरस्ता आहे. इंग्रजीला असं महामंडळ नाही. तिथे कोश लोकांच्या मागून चालतात. म्हणून जुना कोश घरात असेल तर या एका बाबतीत त्याच्यावर विसंबू नका.

कधीकधी तोडण्याची जागाच चुकते आणि ती चूक कायमची घर करते. इंग्रजीत अंगावर बांधायच्या फडक्याला 'नेप्रन' म्हणत. 'अ नेप्रन' हे ऐकताना 'अन् एप्रन' असं ऐकू आलं, 'न' अलीकडच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि एप्रन उरला. आमच्या संत्र्याचंही असंच झालं. संस्कृतातलं 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात पोचलं आणि इंग्रजीत येण्याआधीच, फ्रेंच-इटालियनच्या वाटेवर, त्याचा 'न' अलीकडच्या शब्दानं गिळला. ऑरेंज हा शब्द चुकीच्या जागी तोडल्यानं तयार झालेला आहे आणि आता तो कुणीही दुरुस्त करणार नाही.

ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुलं आहेत, त्यांनी या सगळ्यातून एवढंच काढून घेतलं तरी पुरे. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'एनी वन' हे दोन शब्द मोकळे छापलेले असतात. जोडून लिहिलं असतं तर अर्थ 'कोणीही' झाला असता. तोडल्यामुळे तो 'कोणताही एक' होतो. घाईत तो मोकळा 'वन' नजरेतून सुटतो आणि मुलं दोन्ही उत्तरं लिहून येतात. गुण एकाचेच मिळतात.